आत्या, रूझवेल्टने कुणाच्या पाटल्या नेल्या नाहीत

गेल्या गुरुवारी भर दुपारी आत्याचा फोन आला. आवाज दबका, शेजारी कुणी कान लावून बसलंय असा. "अगं, लॉकर रिकामा करून आले." कशाला, म्हटलं. "सरकार सोनं काढून घेणार आहे म्हणे. अमेरिकेत घेतलं होतं, सगळं लिहून आलंय." पाटल्या, मोहनमाळ, आजीची नथ, सगळं बँकेतून आणून तिने ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसलं होतं. आत्या ७४ वर्षांची आहे, बार्शीला एकटी राहते, आणि तिच्या मागच्या दाराची कडी गेली दोन वर्षं नीट लागत नाही.

रात्री तो मेसेज तिने मलाही पाठवला. वर दोन लाल दिवे, मधे मजकूर, खाली जोडलेले हात आणि 'जागे व्हा'. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. असले मेसेज रोज येतात आणि मी रोज सोडून देते. हा मात्र त्याच आठवड्यात आणखी तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या शिक्षकांचा. म्हणून लिहायला बसले.

मेसेजातले मुद्दे सहा. एक: अमेरिकेतली १९२९ ची मंदी सरकारने हात लावला नसता तर आपोआप सरली असती. दोन: तिथल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने घराघरांतून, लॉकर फोडून, बायकांच्या अंगावरचं सोनं जप्त केलं. तीन: बेकारांना खड्डे खणायला आणि तेच बुजवायला लावून पैसे वाटले, तरी बेकारी हटली नाही. चार: लोक उपाशी असताना साठ लाख डुकरं मारली. पाच: म्हाताऱ्यांना फुकट पेन्शन देऊन देश आळशी केला. सहा: मंदी संपली ती महायुद्धाने, रूझवेल्टने नव्हे. आणि शेवटी तात्पर्य: आपली रोजगार हमी म्हणजे त्याच खड्ड्यांची नक्कल, फुकट्यांना पोसणं बंद करा.

आधी सोनं, कारण ते पिठात आहे.

५ एप्रिल १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्टने एक आदेश काढला, हे खरं. राष्ट्राध्यक्ष होऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. सोन्याची नाणी, लगडी आणि सोन्याच्या बदल्यात मिळणारी प्रमाणपत्रं १ मेच्या आत बँकेत जमा करा, असं त्यात होतं. दागिने त्यात नव्हतेच. सोनारकाम, कला आणि उद्योगाला लागणारं सोनं वगळलेलं होतं, दुर्मीळ नाणी वगळलेली होती, आणि त्याउप्पर माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी घरात ठेवायला मुभा होती. तेव्हाचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट. हिशेब करा: शुद्ध सोन्यात साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे तेरा तोळ्यांच्या आसपास, तेही प्रत्येकी. आत्याच्या डब्यातलं सगळं वजन करून, वर माझं घातलं, तरी आम्ही दोघी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहू. शिवाय आमच्याकडे आहेत ते दागिने. म्हणजे आदेश आम्हाला लागूच झाला नसता.

जमा केलेल्या सोन्याचे पैसे मिळत होते, औंसामागे तेच २० डॉलर ६७ सेंट. मेसेजात 'जप्त' हा शब्द तीनदा आहे, पैशांचा उल्लेख एकदाही नाही.

आणि लॉकर? लॉकर फोडण्याची गोष्ट शुद्ध थाप आहे, आणि थापही आपली नाही, आयात केलेली. अमेरिकेत त्या आदेशाच्या नावावर एक बनावट मजकूर फिरत असतो: बँकांतल्या सगळ्या तिजोऱ्यांना सील लागलंय, यापुढे त्या सरकारी अधिकाऱ्यासमोरच उघडायच्या, वगैरे. मूळ आदेशात ही वाक्यं नाहीत. कुणीतरी त्याचं मराठी केलं आणि चवीला त्यात मंगळसूत्र घातलं.

आता जे खरं आहे ते मला मान्य करावं लागेल, मनात नसलं तरी. आदेश सक्तीचा होता. मोडला तर दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षं कैद, अशी तरतूद होती. आणि लोकांकडून २० डॉलर ६७ सेंटने घेतल्यावर, जानेवारी १९३४ मध्ये सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरवला. वरचा फायदा सरकारी तिजोरीत गेला. ज्याने मुकाट्याने नाणी जमा केली त्याला फसवल्यासारखं वाटलं असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. अमेरिकन माणसाला गुंतवणूक म्हणून सोनं बाळगायची मोकळीक परत मिळाली ती थेट १९७४ च्या ३१ डिसेंबरला.

पण हे केलं कशासाठी, ते मेसेजात का नाही? तेव्हा डॉलर सोन्याला बांधलेला होता. नोटा काढायच्या तर त्यांच्या चाळीस टक्के सोनं मध्यवर्ती बँकेत हवं, असा कायदा. लोक घाबरून बँकांतून सोनं काढून घरात दडवत होते (आत्या, तुझ्यासारखंच), त्यामुळे बाजारात खेळता पैसा वाढवायला सरकारचे हात बांधलेले. भाव कोसळलेले, कर्जं तीच. ती गाठ सोडवायला हा आदेश होता. ब्रिटनने ती सप्टेंबर १९३१ मध्येच सोडवली होती.

आणि सोनं खरोखर गेलं ते कुठून, सांगू? इथून. मुंबई बंदरातून.

मंदी काही अमेरिकेतच आली नव्हती. १९२९ नंतर चार वर्षांत आपल्याकडे शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोखीत भरायचा, सावकाराचं व्याजही रोखीत. रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला, त्याचा दर दिल्ली-लंडनमध्ये ठरायचा. लोकांना मदत म्हणून सरकारी खर्च वाढवायचा विचारही नव्हता, उलट काटकसर चालू होती. पौंडाने सोन्याची साथ सोडली तसा इथे सोन्याचा रुपयातला भाव चढला, आणि गावोगावच्या बायकांच्या अंगावरचं सोनं सोनारामार्फत, सराफामार्फत मुंबईला आणि तिथून बोटीने बाहेर जायला लागलं. काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं. निर्यातीवर बंदी घाला, अशी मागणी इथल्या पुढाऱ्यांनी केली, सरकारने ऐकलं नाही. या संकटातल्या विक्रीला अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वेगळं नावच आहे, 'अगतिकतेचं सोनं' म्हणा हवं तर. त्यासाठी कुणी आदेश काढला नाही, कुणी लॉकर फोडला नाही. सरकारने फक्त काही केलं नाही, एवढंच पुरलं.

(सरकारने सोन्यात हात घातल्याची आठवण मराठी घरांत आहे ती १९६३ ची. मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण: चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. कितीतरी सोनारांवर धंदा सोडायची वेळ आली. तेव्हाही अंगावरचं कुणी उतरवून नेलं नव्हतं.)

पहिला मुद्दा इथेच अर्धा निकालात निघतो. 'हात लावला नसता तर.' १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, रूझवेल्ट आला मार्च १९३३ मध्ये. मधली साडेतीन वर्षं हर्बर्ट हूव्हर राष्ट्राध्यक्ष होता. आपोआप सरायला साडेतीन वर्षं पुरली नाहीत? बेकारी ३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली, सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. हूव्हर अगदीच हातावर हात ठेवून बसला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं महामंडळ त्याने १९३२ मध्ये काढलं, राज्यांना मदतकार्यासाठी कर्जंही दिली. उपाशी माणसाला केंद्राने थेट पैसे द्यायला मात्र त्याची तयारी नव्हती, ते गावाने आणि धर्मादाय संस्थांनी बघावं असं त्याचं मत. गावं आणि संस्था तोवर स्वतःच कफल्लक झाल्या होत्या.

बँकांवरून आठवलं. आत्याची मुदत ठेव ज्या बँकेत आहे तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. ठेवविम्याची ही कल्पना देशभर अमलात आणली ती रूझवेल्टच्याच पहिल्या वर्षातल्या कायद्याने. १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळालं, आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त नऊ बँका बुडाल्या. आधी नऊ हजार, मग नऊ. आपल्याकडे हा विमा १९६२ मध्ये आला. देश बुडवणाऱ्या माणसाची ही करणी मेसेज लिहिणारा स्वतः रोज वापरतो.

आता खड्डे. ह्या मुद्द्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं, त्यामुळे इथे लांबण लागेल.

'खड्डे खणा आणि बुजवा' हे रूझवेल्टच्या कुठल्याच योजनेत नव्हतं. हे चित्र बहुतेक केन्सवरून आलंय. त्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३६ साली उपरोधाने लिहिलं, की सरकारने जुन्या बाटल्यांत नोटा भरून बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत पुरल्या, वर गावचा कचरा टाकला आणि लोकांना त्या उकरून काढू दिल्या, तरी काहीच न करण्यापेक्षा बरं होईल. पण त्यापेक्षा घरं बांधणं शहाणपणाचं, हे त्याने तिथेच लिहिलंय. पुढे तो म्हणतो, की सोन्याच्या खाणी म्हणजे तरी काय, जमिनीत भोकं पाडण्याचाच उद्योग, पण त्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. हे अर्धं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? सगळ्यात मोठी योजना १९३५ ची, वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात डब्ल्यूपीए. प्रमुख हॅरी हॉपकिन्स. आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना तिथे काम मिळालं. साडेसहा लाख मैल रस्ते, म्हणजे दहा लाख किलोमीटरच्या वर, नवे केले किंवा दुरुस्त केले. सव्वा लाख सार्वजनिक इमारती, पंचाहत्तर हजारांवर पूल. न्यूयॉर्कला कुणाचा भाचा-पुतण्या ज्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरतो तोही त्यातलाच. त्याआधी १९३३ मध्ये १८ ते २५ वयाच्या पोरांची एक वन-पलटण काढली होती. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी. या पोरांनी नऊ वर्षांत सुमारे ३०० कोटी झाडं लावली. झाड लावायला खड्डा खणावाच लागतो आणि नंतर बुजवावाही लागतो, तेव्हा एवढ्यापुरता मेसेजकर्त्याचा मुद्दा बरोबर आहे.

बायकांना शिवणकामाच्या खोल्यांत काम दिलं. तिथे शिवलेले कपडे मदतीवर जगणाऱ्या घरांना आणि इस्पितळांना जायचे. शाळांत दुपारचं जेवण रांधून वाढलं. मला सगळ्यांत आवडतात त्या पूर्व केंटकीच्या डोंगरातल्या बायका. रस्ता नाही अशा वाड्यावस्त्यांवर त्या घोड्या-खेचरांवर पुस्तकं लादून न्यायच्या, ओढ्यातून, चिखलातून, आणि हे डब्ल्यूपीएच्या पगारावर. आणखी एक काम: बेकार लेखकांना लावून, एकेकाळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्या तोंडून लिहून घेतल्या. दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातले फार थोडे उरले असते.

फालतू कामं झालीच नाहीत का? झाली. १९३३-३४ च्या हिवाळ्यात हॉपकिन्सने दोन-अडीच महिन्यांत चाळीस लाखांवर माणसं कामाला लावली. एवढ्या घाईत बागेतला पालापाचोळा गोळा करायची कामंही निघाली, आणि काही ठिकाणी एका फावड्यामागे तिघे उभे असायचे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चौकशीत मदतीच्या पैशातून चामड्याच्या पट्ट्या विणायला शिकवत असल्याचं निघालं आणि वर्तमानपत्रांनी महिनाभर टर उडवली. त्या विणकामाचं 'बूनडॉगल' हे नाव इंग्रजीत आज उधळपट्टीला वापरतात. ठीक आहे. दहा लाख किलोमीटर रस्त्यांच्या बदल्यात मी तेवढ्या पट्ट्या सोसायला तयार आहे.

पण माझा खरा राग त्या पुढच्या वाक्यावर आहे: 'तरी बेकारी हटली नाही.' मेसेजात आकडा आहे, १९३७ साली १४ टक्के, १९३८ साली १९ टक्के. आकडा खोटा नाही. पाठ्यपुस्तकांत तोच असतो, मीही कितीतरी वर्षं फळ्यावर तोच लिहिला. १९७६ मध्ये मायकेल डार्बी नावाच्या अर्थतज्ज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की अमेरिकेचे पस्तीस लाख कामगार कुठेतरी हरवून ठेवलेत. कुठे हरवले? बेकारांच्या रकान्यात. ज्या मालिकेतून हे आकडे घेतात तिच्यात डब्ल्यूपीएवर, वन-पलटणीत, सरकारी मदतकार्यावर राबणाऱ्या प्रत्येकाला बेकार धरलेलं आहे. सकाळी उठून पूल बांधायला गेलेला माणूस, आठवड्याच्या पगारावर पोरं पोसणारा, कागदावर बेकार. डार्बीने त्यांना नोकरदारांत मोजलं तेव्हा १९३७ चा आकडा १४.३ वरून ९ च्या आसपास आला, १९३८ चा १९ वरून साडेबारावर.

म्हणजे आधी त्यांच्या कामाला काम म्हणायचं नाही, आणि मग बघा, कामं देऊनही बेकारी हटली नाही, असं म्हणायचं.

कुणी म्हणेल हा डार्बी डावा असणार. हाच डार्बी पुढे रोनाल्ड रेगनच्या सरकारात अर्थखात्याचा सहायक सचिव होता. त्याच्यावर आक्षेप नाहीत असं नाही. मदतकार्यावरचं काम तात्पुरतं, ते नेहमीच्या नोकरीसारखं कसं मोजायचं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. ९ टक्के बेकारी म्हणजे काही रामराज्य नव्हे, तेही खरं. पण ९ टक्के बेकारी आणि १४ टक्के बेकारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक पडतो तो रस्त्यावर खडी टाकणाऱ्याला माणसांत मोजण्याने.

हे मला आत्याला फोनवर समजावावं लागलं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती वीस-एकवीस वर्षांची होती, करमाळा तालुक्यात, नवीन लग्न झालेली. पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहायची, नंतर खडी फोडायला बसायची. मुकादम, हजेरीपट, सुकडीची रांग, अमेरिकेतून आलेली ती लालसर मिलो ज्वारी, तिची भाकरी कशी थापताना तुटायची, हे सगळं आम्ही भाचरं लहानपणापासून ऐकत आलोय. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख लोक अशा कामांवर होते. मेसेजातलं शेवटचं वाक्य, 'रोजगार हमी म्हणजे खड्ड्यांची नक्कल', मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या तलावाचं पाणी अजून पाटलांच्या विहिरीला आहे. त्यांना विचार म्हणावं खड्डा आहे का ते."

आणि नक्कल? ती योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघाली. दुष्काळात राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला: काम मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. इथे एक मोठा फरक आहे. अमेरिकेत कायद्याने कामाचा हक्क कधीच मिळाला नाही. रूझवेल्टने योजना काढली, पैसे संपले की माणसं कमी केली. आपल्याकडे तो हक्क लिहिला गेला. खोटे हजेरीपट झाले, मुकादमांनी आणि पुढाऱ्यांनी हात मारले, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, मी ते नाकारणार नाही. पण जाता जाता मेसेज पाठवणाऱ्या सोसायटीतल्या गृहस्थांना सांगते: तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापतात ना, तो १९७५ मध्ये याच रोजगार हमीसाठी सुरू झाला. फुकट्यांना पोसताय ते हे.

डुकरं. हो, मारली. १९३३ च्या उन्हाळ्याअखेर साठ लाखांच्या आसपास, बहुतेक पिल्लं. एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला. भाव इतके पडले होते की माल बाजारात नेण्याचा खर्च निघेना, म्हणून पुरवठा कमी करून भाव चढवायचे, आणि शेतकऱ्याला त्याचे पैसे द्यायचे. हिशेब समजतो, पण भुकेल्या देशात ते दृश्य भयंकरच होतं. लोक चिडले, तेव्हा उरलेलं मांस मदतीत वाटायची सोय केली. इथे मी रूझवेल्टची वकिली करणार नाही. मेसेजकर्त्याला मात्र डुकरांपलीकडे काही दिसलं नाही. खरा अन्याय झाला तो माणसांवर. पीक कमी केल्याचा चेक जमीनमालकाच्या नावाने यायचा. दक्षिणेत त्याच्या रानात अर्धेलीने कसणारी कुळं, त्यातली बरीच काळी, त्यांना वाटा मिळायचा नाही, वर पेरा कमी म्हणून हुसकावून लावायचे. १९३४ मध्ये आर्कान्सात काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली ती यावरूनच. ज्याला रूझवेल्टला धरायचंय त्याने इथे धरावं.

सहावा मुद्दा, युद्ध. अर्धं खरं. बेकारी पाच टक्क्यांच्या खाली आली ती १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर. पण महायुद्ध म्हणजे काय, सरकारने कर्ज काढून केलेला आजवरचा सगळ्यात मोठा खर्चच ना? 'सरकारी खर्चाने काही होत नाही' याचा पुरावा म्हणून युद्ध कसं चालेल? आणि उलट पुरावा १९३७ चा आहे. आता सगळं सुरळीत झालं असं वाटून रूझवेल्टने डब्ल्यूपीएला कात्री लावली, अंदाजपत्रक जुळवायला घेतलं, त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेनेही बँकांच्या नाड्या आवळल्या. पुढच्या वर्षी बेकारी भसकन वर. मेसेजातला तो १९ टक्क्यांचा आकडा हाच. तो मदत दिल्याचा नाही, काढून घेतल्याचा आहे.

राहिलं पेन्शन. १४ ऑगस्ट १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा. त्यामागे मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. पेन्शन फुकट नव्हतं. १९३७ पासून पगाराचा एक टक्का कामगाराचा आणि एक टक्का मालकाचा कापला जायचा, आणि वयाच्या ६५ वर्षांनंतर त्यातून मिळायचं. पहिला मासिक चेक ३१ जानेवारी १९४० ला निघाला, व्हरमाँटच्या आयडा मे फुलर या बाईंना, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. त्या शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना मिळाले बावीस हजारांवर. एवढं वाचून 'बघा, फुकट' असं कुणी म्हणेल, तर म्हणो. पहिल्या पिढीला भरायला वर्षंच थोडी मिळाली, कुठलीही पेन्शन योजना सुरू होताना असंच होतं.

'देश आळशी झाला' म्हणणाऱ्याने एकदा त्या कायद्यातून कुणाला वगळलं होतं ते बघावं. शेतमजूर आणि घरकामवाल्या. मोलाने दुसऱ्याच्या रानात राबणारे, आणि दुसऱ्याच्या घरी धुणं, भांडी, स्वयंपाक, पोरं सांभाळणं करणाऱ्या. काळ्या कामगारांपैकी जवळपास दोन तृतीयांश या दोन कामांत होते, म्हणजे तेही बाहेर. दक्षिणेतल्या खासदारांचा दबाव, की घरोघरी वर्गणी वसूल करण्याची अडचण, यावर इतिहासकार अजून भांडतात. कारण काही असो, देशात सगळ्यात जास्त राबणाऱ्यांच्या हाताला काही लागलं नाही. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, तासाला २५ सेंट. त्यातूनही हे दोघे बाहेरच.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगत होते, तुकड्या-तुकड्याने, मधे तिचा दूधवाला येऊन गेला. सोन्याचं तिला पटलं. डुकरांचं ऐकून तिने 'शिव शिव' म्हटलं. पेन्शनपाशी तिने मला थांबवलं.

"मग त्या धुणंभांडीवाल्यांना मिळालं कधी?"

१९५० मध्ये कायदा बदलला, म्हटलं. त्यातही आधी नेमाने एकाच ठिकाणी कामाला असणाऱ्यांना.

"म्हणजे पंधरा वर्षांनी."

हो.

"त्यातल्या किती राहिल्या असतील गं तोवर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शनिवारी मी बार्शीला जातेय, दागिने परत लॉकरमध्ये ठेवायला आणि मागच्या दाराला कडी बसवून घ्यायला. पीठ सगळं चाळून घ्यावं लागणार आहे. नथ नेमक्या कुठल्या डब्यात टाकली ते तिला आठवत नाहीये.